पोरीला लीड्स आणि वेल्स दोन्हीकडनं ऑफर आलीय, एनएचएस एकच का वेगवेगळी?

विट्याचा_बागायतदार

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. आमची थोरली पोरगी बीएस्सी नर्सिंग, मिरजेला शिकली, चार वर्षं पुण्यात आयसीयूला आहे. इंग्लिशची परीक्षा झाली, तिथल्या नर्सिंग कौन्सिलची कॉम्प्युटरवरची परीक्षा पण झाली, आणि आता दोन ऑफर हातात आहेत, एक इंग्लंडमधल्या लीड्सची आणि एक वेल्समधलं कारमार्थन म्हणून गाव आहे तिथली. पगार जवळजवळ सारखाच दिसतोय. मी म्हणलं दोन्ही एनएचएसच ना, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा, मग जिथं आपली माणसं जास्त तिथं जा, लीड्स घे. तर ती म्हणती पप्पा तसं नसतं, तिथं आरोग्य खातं प्रत्येकाचं वेगळं आहे, वेल्सचं सरकार वेगळं, स्कॉटलंडचं वेगळं. आता पासपोर्ट एक, राजा एक, मग दवाखाना वेगळा कसा काय?

दुसरं म्हणजे आमची आई. वय ८३, गेल्या वर्षी परड्यात पाय घसरून पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन योजनेतनं झालं, एक रुपया लागला नाही, खोटं कशाला बोलू. पण ऑपरेशननंतरचे चौदा महिने कुठल्या योजनेत बसत न्हाईत. सकाळी सहाला बायको आणि मी दोघं मिळून कूस बदलतो, पाठीला पावडर, डायपर, मग चहात बुडवून बिस्कीट, मग बायको डबा करणार, मग मी बागेत. छाटणीच्या दिवसात एक मावशी ठेवली होती, आठशे रुपये रोज, ती पण पंधरा दिवसात गेली, म्हणली मला हे वजन उचलत नाही. तर पोरगी परवा फोनवर आजीला म्हणत होती, आजी स्कॉटलंडला असतीस तर सरकारनं रोज माणूस पाठवला असता तुला अंघोळ घालायला, फुकट. मला हे काय पटलं नाही. सरकार अंघोळ घालतंय व्हय कुणाला? जाणकारांनी सांगावं. आणि पुढंमागं आम्हाला म्हाताऱ्यांना तिकडं नेता येतंय का ते पण सांगा.

पलूस_एक्सप्रेस

एनएचएस एकच आहे सगळीकडं, निळा लोगो, डोकं लावू नका. लीड्सला मराठी मंडळ आहे, गणपती असतो, भारतीय दुकानं आहेत. कारमार्थनला पाऊस आणि मेंढ्या. लीड्स.

मिरजेची_सिस्टर

काका नमस्कार. मी पण मिरजेचीच, २०२१ ला आले, पहिली दोन वर्षं इंग्लंडमध्ये मिडलँड्सला होते आणि आता पश्चिम वेल्समध्ये मेडिकल वॉर्डला आहे, म्हणजे दोन्हीकडचं पाणी प्यायलेय. वरच्या दादांचं चुकतंय. नाव एक वाटतं, पण इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड अशा चार वेगळ्या संस्था आहेत. १९९७ ला वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये सार्वमत झालं, १९९९ पासून त्यांची स्वतःची विधिमंडळं चालू झाली आणि आरोग्य खातं त्यांच्याकडं गेलं. लंडनचा आरोग्यमंत्री म्हणजे खरं तर इंग्लंडचा आरोग्यमंत्री, वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये, त्याचं काही चालत नाही. हॉस्पिटलच्या दारातली पाटीसुद्धा इथं दोन भाषांत असते, आधी वेल्श मग इंग्लिश. नर्सचं रजिस्ट्रेशन मात्र एकच, ते चारही ठिकाणी चालतं, त्यामुळं तुमच्या मुलीनं आज एक घेतलं आणि पुढं बदललं तरी परीक्षा परत द्यायची नाही, नवीन स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी नाव देणारा नोकरीवाला, आणि व्हिसाचे कागद तेवढे करावे लागतात.

आता रोजच्या जगण्यात फरक काय पडतो तर माझंच सांगते. मला दमा आहे. इंग्लंडमध्ये डायबेटिसची गोळी घेणाऱ्याला औषधं फुकट, थायरॉईडवाल्याला फुकट, पण दम्याला सूट नाही, ती यादी १९६८ सालची आहे आणि तेव्हापासून त्यात फारसं कुणी हात घातलेला नाही. मी फार्मसीत दोन इनहेलर घ्यायला गेले की दोन आयटम म्हणजे दोनदा चार्ज, तेव्हा एका आयटमला ९ पौंड ३५ पेन्स होते, २०२४ ला ९.९० झाले. वर्षाचा पास मिळतो, त्यात स्वस्त पडतं, पण ते मला आठ महिन्यांनी कळलं, कोण सांगणार. वेल्सला आल्यावर पहिल्यांदा फार्मसीत गेले, पिशवी हातात घेतली आणि कार्ड काढून उभी राहिले तर काउंटरवरची बाई म्हणाली, कार्ड कशाला? इथं १ एप्रिल २००७ पासून सगळ्यांनाच फुकट, श्रीमंत असो गरीब असो. उत्तर आयर्लंडनं २०१० ला केलं, स्कॉटलंडनं २०११ ला. इंग्लंड एकटंच राहिलं. पार्किंग पण, वेल्सच्या हॉस्पिटलात फुकट, मिडलँड्सला माझ्या पगारातनं कापायचे आणि वर जागा मिळेल याची गॅरंटी नाही.

नर्स म्हणून महत्त्वाचं म्हणजे वेल्समध्ये २०१६ चा नर्स स्टाफिंगचा कायदा आहे, युरोपात पहिला. वॉर्डला किती नर्स पाहिजेत ते हिशोबानं ठरवायचं आणि वॉर्डच्या दारावर लावायचं. म्हणजे लगेच आकाशातनं नर्सा पडतात असं नाही, आमच्याकडं पण रात्री कमी पडतात, पण बोर्डवर आकडा लिहिलेला असला की मॅनेजरला फोन करताना बोलायला तोंड असतं. मिडलँड्सला फोन केला की "मॅनेज करा" एवढंच ऐकायचे.

वाईट काय ते पण ऐका. वेल्समध्ये ऑपरेशनच्या रांगा लांब आहेत, इंग्लंडपेक्षा लांब, गुडघा खुबा वाल्यांचे हाल बघवत नाहीत. आणि पेशंट बरा झाला तरी घरी सोडता येत नाही कारण घरी बघायला माणूस नाही, केअर पॅकेज, म्हणजे घरी माणूस पाठवायची सोय, मंजूर झालं पण एजन्सीकडं माणूस नाही, मग तो बेड अडवून बसतो आणि खाली इमर्जन्सीला ॲम्ब्युलन्सची लाईन. माझ्या वॉर्डला एक आजोबा औषधोपचार संपल्यावर सात आठवडे नुसते बसून होते, रोज सकाळी टोपी घालून तयार.

आणि भाषा. सगळ्यांना इंग्लिश येतं, घाबरायचं कारण नाही, पण विसरायचा आजार झालेल्या म्हाताऱ्यांचं इंग्लिश आधी जातं आणि लहानपणीची वेल्श उरते. पहिल्याच महिन्यात नाईटला एक आजी मला सारखी "दूर, दूर" म्हणायची. मी आपली मागं सरकले. तिचा आवाज चढला, "दूर!" मी आणखी मागं, म्हटलं हिला माझा राग आलाय का माझा रंग खटकतोय, डोळ्यात पाणी आलं माझ्या. शेवटी हेल्थ केअर असिस्टंट आली आणि हसायलाच लागली, वेल्शमध्ये दूर म्हणजे पाणी. बाई तहानेनं व्याकूळ आणि मी तिच्यापासनं लांब लांब चाललेय. आता दूर, पोएन म्हणजे दुखतंय, असे वीसेक शब्द येतात मला. हेल्थ बोर्ड, म्हणजे इथले दवाखाने चालवणारी सरकारी संस्था, फुकट शिकवतं ड्युटीच्या वेळात.

कोरेगावची_सून

सिस्टरताईंचं वाचून बरं वाटलं. मी सातारा जिल्ह्यातली, सध्या स्कॉटलंडमध्ये डंडीला, २०२३ ला केअरर म्हणून आले. काका तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते कारण लोकांना अंघोळ घालायला सरकार जे माणूस पाठवतं ना ते माणूस म्हणजे मीच.

खरं आहे ते. २००२ पासून स्कॉटलंडमध्ये ६५ च्या वरच्यांना "पर्सनल केअर" फुकट, म्हणजे अंघोळ, कपडे, भरवणं, संडास बाथरूमला नेणं, कूस बदलणं, गोळ्या घ्यायची आठवण. बँकेत किती आहे ते विचारत नाहीत, गरज किती ते बघतात. २०१९ च्या एप्रिलपासून ६५ च्या खालच्यांनाही लागू झालं. त्याला इथं फ्रँक्स लॉ म्हणतात, आमच्या डंडी युनायटेडचा फ्रँक कोपेल म्हणून फुटबॉलपटू होता, त्याला ५९ व्या वर्षीच डिमेन्शिया निघाला, वय बसत नाही म्हणून केअरचे पैसे भरावे लागले, आणि २०१४ ला ६५ पूर्ण होऊन तीन आठवडे व्हायच्या आत तो गेला. त्याची बायको अमांडा हिनं लावून धरलं म्हणून कायदा झाला. इथली म्हातारी माणसं अजून तिचं नाव काढतात.

आता माझा दिवस सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. सकाळी सातला पहिलं घर. दाराशेजारी भिंतीवर छोटी लोखंडी पेटी असते, नंबर दाबला की उघडते, आत घराची किल्ली. मोबाईलवर नोंद करायची की मी आत आले, घड्याळ सुरू. तीस मिनिटं. पडदे उघडायचे, आजीला उठवायचं, ती म्हणणार अजून पाच मिनिटं, मी म्हणणार बरं, आणि माझ्या डोक्यात पुढचं घर टिकटिक करतंय. धुणं पुसणं, क्रीम, कपडे, लापशीसारखं ते पॉरिज मायक्रोवेव्हमध्ये, गोळ्या, वहीत लिहायचं, बाहेर. काही घरं पंधरा मिनिटांची. दिवसाला चार वेळा पण जातो एकेकाकडं, आणि ज्यांना उचलायला दोन माणसं लागतात तिथं दोघी जातो, हॉइस्ट असतो, म्हणजे छोटी क्रेनच म्हणा, त्यानं उचलायचं, हातानं उचलायला बंदीच आहे. काका तुमच्या मावशीची काही चूक नाही, ८३ वर्षांचं अंथरुणातलं माणूस एकटीनं हातावर उचललं की सहा महिन्यात कंबर जाते.

पण फुकट म्हणजे सगळं फुकट नाही हे लिहून ठेवा. झाडलोट, बाजार, सोबत बसणं हे पर्सनल केअरमध्ये येत नाही, त्याला कौन्सिल, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी इथली संस्था, पैसे लावू शकतं. आणि केअर होममध्ये गेलं तर कौन्सिल केअरपुरती ठरलेली रक्कम देतं, राहण्याजेवणाचं बिल तुमचं, तिथं मालमत्ता बघतातच. शिवाय आधी कौन्सिलचा माणूस येऊन गरज तपासणार, मग मंजुरी, मग माणूस मिळेपर्यंत थांबा. हक्क कागदावर आहे आणि माणूस नाही असं पण होतं. इथल्या सरकारनं २०२१ ला मोठी घोषणा केली होती की सगळ्या देशासाठी एकच नॅशनल केअर सर्व्हिस काढणार, एनएचएससारखी. बिल आणलं, तीन वर्षं घोळ चालला, कौन्सिलं आणि युनियन विरोधात गेल्या, आणि जानेवारी २०२५ ला तो एकच संस्था करायचा भाग सोडून दिला. आम्हा केअररना त्यातनं काय मिळालं म्हणाल तर चहा.

पलूस_एक्सप्रेस

मग इंग्लंडमध्ये म्हाताऱ्यांना कोण बघतं? इथं लीड्सला मी आठ वर्षं आहे, आमच्या शेजारचा गोरा म्हातारा तर घर विकून केअर होमला गेला.

मिरजेची_सिस्टर

तुम्हीच उत्तर दिलंत की दादा. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांच्या वर तुमची मालमत्ता असली की सगळा खर्च तुमचा, केअर होम असेल आणि घरात नवरा बायको मागं राहत नसतील तर घर पण त्यात धरतात. आयुष्यात ८६,००० पौंडांच्या वर कुणाला भरावं लागणार नाही असा कॅप आणणार होते, २०२३ ठरलं, मग २०२५ वर ढकललं, मग जुलै २०२४ ला नवीन सरकारनं रद्दच केलं. वेल्समध्ये केअर होमसाठी ती मर्यादा ५०,००० पौंड आहे, आणि घरी येणाऱ्या केअरला आठवड्याला जास्तीत जास्त १०० पौंड, त्याच्यावर एक पेन्स नाही मग दिवसातनं चार वेळा माणूस येऊ दे. म्हणजे स्कॉटलंड फुकट, वेल्स मधोमध, इंग्लंडमध्ये ज्याचं त्यानं.

औंधकर_तात्या

मी आरोग्य खात्यात ३१ वर्षं काढली, आता सातारला असतो आणि नातवाच्या मोबाईलवरनं हे वाचतो. बागायतदारसाहेब, तुम्ही विचारताय पासपोर्ट एक मग दवाखाना वेगळा कसा. अहो आपल्याकडं पण आरोग्य राज्याच्याच यादीत आहे, घटनेच्या सातव्या अनुसूचीत. आणि एवढं लांब कशाला जाता, आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरपासून सगळं फुकट झालं, पण मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल वैद्यकीय शिक्षण खात्याचं, तिथं तो निर्णय लागू नाही. माणूस ग्रामीण रुग्णालयातनं चिठ्ठी घेऊन मेडिकल कॉलेजला जातो आणि खिडकीवर भांडतो, तिकडं फुकट होतं इथं पैसे का म्हणून. दोन्हीवर महाराष्ट्र शासनच लिहिलंय. त्यांच्या एका देशात चार तऱ्हा, आपल्या एका जिल्ह्यात दोन.

पैशाचं मला कुतूहल होतं म्हणून वाचलं. स्कॉटलंड वेल्सला मोठी रक्कम लंडनहून येते, बार्नेट फॉर्म्युला म्हणतात. इंग्लंडच्या दवाखान्यावर खर्च वाढवला की लोकसंख्येच्या हिशोबानं यांचा वाटा वाढतो, पण तो दवाखान्यावरच घाला अशी सक्ती नाही, शाळेवर घाला नाहीतर रस्त्यावर. आपल्या जिल्हा परिषदेला असा बिनअटीचा निधी आला असता तर काय झालं असतं याचा विचार करून मी रात्री उशिरा झोपलो.

आणि एक गंमत. ही एनएचएस काढली ती अन्युरिन बेव्हन या मंत्र्यानं, ५ जुलै १९४८ ला, आणि तो वेल्सचाच, ट्रेडेगर नावाच्या कोळशाच्या गावचा. तिथं आधीपासनं खाणकामगारांच्या पगारातनं थोडी थोडी कपात करून सगळ्या गावाला डॉक्टर आणि औषध द्यायची सोसायटी होती. म्हणजे आपल्याकडं उसाच्या बिलातनं कारखान्याची कपात असते ना तसंच, फक्त तिथं सभासदाला मरायच्या आत उपयोग झाला.

तुमच्या मातोश्रींचं म्हणाल तर आपल्याकडं ऑपरेशनपर्यंत सरकार आहे. जनआरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंत बसतं. त्यानंतर श्रावणबाळचे महिना दीड हजार, तेही उत्पन्नात बसलात तर, आणि वयोश्रीतनं एकदाच तीन हजार, काठी चष्म्याला. पुढची योजना म्हणजे घरातली सून. तिचा जीआर निघत नाही.

विट्याचा_बागायतदार

तात्या तुमचा शेवटचा परिच्छेद बायकोला वाचून दाखवला. काही बोलली नाही, परत वाचा म्हणली.

सगळ्यांचे आभार. आता तेवढं आम्हाला नेता येतंय का ते राहिलं. आणि गावातला एक एजंट म्हणतोय की नर्सपेक्षा केअररचा व्हिसा लवकर होतो, धाकट्या पोराला त्यात घालतो, बारा लाख द्या.

कोरेगावची_सून

काका देऊ नका!! एक रुपया देऊ नका. व्हिसा कार्डिफच्या पण हातात नाही आणि स्कॉटलंडच्या एडिनबराच्या पण नाही, तो लंडनच्या होम ऑफिसचा, म्हणजे गृहखात्याचा. केअररला ११ मार्च २०२४ पासून बायकोपोरं आणता येत नाहीत आणि २२ जुलै २०२५ पासून तर बाहेरच्या देशातनं नवीन केअरर घेणंच बंद केलंय. एजंटला हे माहिती नसेल असं होत नाही. मी अशाच एकाला पैसे देऊन आले, इथं आल्यावर कळलं की कंपनीकडं आठवड्याला बारा तासांचंच काम आहे, दुसरा स्पॉन्सर मिळेपर्यंत पाच महिने कसे काढले ते मी आईला अजून सांगितलेलं नाही. नर्सची गोष्ट वेगळी, नर्सला नवरा मुलं आणता येतात. आणि नोकरी लावायचे पैसे नर्सकडनं घ्यायचेच नाहीत असा तिकडच्या सरकारचा नियम आहे, मागितले तर समजून जा.

गंमत बघा, इकडं सगळी सरकारं ओरडतात केअरला माणूस नाही म्हणून, आणि माणूस आणायचा दरवाजा त्यांच्या हातातच नाही.

मिरजेची_सिस्टर

आईवडिलांना कायमचं नेणं जवळजवळ अशक्य, खरं सांगते, खोटी आशा नको. व्हिजिटर म्हणून सहा महिने येता येतं, पण व्हिजिटरला हॉस्पिटलचं बिल लागतं, इन्शुरन्सशिवाय येऊ नका. आणि फुकटची पर्सनल केअर आज्जींना तशी पण मिळाली नसती, ती तिथं राहायचा हक्क असलेल्यांना.

केरळच्या मुली इथं सरकारी रस्त्यानं येतात, त्यांच्या सरकारनं मार्च २०२४ मध्ये थेट वेल्स सरकारशीच करार केला, मधी एजंट नाही. आपल्या सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी केलाय त्याच वर्षी. वेल्ससाठी आपल्याला असं काही नाही, त्यामुळं ऑफर लेटर हेल्थ बोर्डाचं आहे का हे तेवढं नीट बघा, मेलचा पत्ता बघा.

माझं मत विचाराल तर कारमार्थन घ्यावं. पण ती दोन वर्षांनी स्कॉटलंडचा विचार करणार असेल तर सांगा तिला, तिथं नर्सचा पगार सरकार वेगळा ठरवतं आणि तो इंग्लंडपेक्षा जास्त आहे, २०२४ च्या एप्रिलमध्ये आठवडा पण ३७ तासांचा केला. इन्कम टॅक्स मात्र तिथं वेगळा आणि पगार वाढला की जास्त, थोडं तिकडनं देतात थोडं इकडनं घेतात.

पलूस_एक्सप्रेस

बरं बाबा, माझं चुकलं. पण कढीपत्ता मिळतो का कारमार्थनला? 😀

मिरजेची_सिस्टर

स्वान्सीला जावं लागतं. महिन्यातनं एकदा जाते, दोन जुड्या आणून फ्रीजरमध्ये टाकते.

विट्याचा_बागायतदार

कारमार्थन ठरलं. पोरीनं काल रात्री मेल पाठवला. एजंटला नाही म्हणून सांगितलं, आता तो देवळात भेटला तरी बोलत नाही.

आईला तुमची ती दूरची गोष्ट सांगितली सिस्टर. ऐकायला कमी येतं तिला, तीनदा सांगावी लागली, मग हसली. आज सकाळी कूस बदलताना बायकोला म्हणली, सुनबाई, दूर आण. बायकोला माहितीच नव्हतं, ती म्हणली कुठं जाऊ दूर?

एक शेवटचं, पोरीला सामानात काय देऊ? थंडी लय असती म्हणतात.

मिरजेची_सिस्टर

थंडीपेक्षा पाऊस काका, आडवा येतो. छत्री देऊ नका, पहिल्याच दिवशी उलटी होते. चांगला रेनकोट, घरचं मेतकूट आणि छोटा कुकर. कुकरची शिट्टी वेगळी काढून हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, माझी हरवली होती, इथं मिळत नाही.